व्हेनिसच्या भिंती आणि आपले ग्रंज मॅप

व्हेनिसला लोक गोंडोल्यात बसायला जातात, मी गेलो भिंतींचे पापुद्रे बघायला. थ्रीडी एन्व्हायर्नमेंटचं, म्हणजे गेम-सिनेमातल्या जागा संगणकावर उभ्या करायचं काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जुन्या शहराचा सीन आला की आपण सगळे तेच करतो, विटांचं टाइल होणारं (फरशीसारखं जोडत पसरणारं) मटेरियल घ्या, वर ग्रंज मॅप, म्हणजे डागांचं-मळाचं तयार चित्र टाका, कडांना एज वेअर (झिजल्याचा परिणाम) द्या, झाली भिंत जुनी. आणि रेंडर, म्हणजे संगणकाने काढलेलं अंतिम चित्र, आला की काहीतरी खटकत राहतं.

गेलो मुद्दाम नोव्हेंबरात. गर्दी कमी असते हे आहेच पण खरं कारण म्हणजे ढग. टेक्स्चरला (मॉडेलवर चढवायच्या पृष्ठभागाच्या चित्राला) ऊन चालत नाही, कडक सावली एकदा फोटोत आली की बेस कलरमधून, म्हणजे पृष्ठभागाच्या मूळ रंगातून, ती काढताना जीव जातो. तरी सान मार्को चौकात माणसंच माणसं होती, ट्रायपॉड लावायचं नावच नको, तिथून लगेच सटकलो आणि कन्नारेज्जो भागातल्या मागच्या कालव्यांकडे गेलो. तिकडे भिंती आणि मी, बस.

पहिल्याच कालव्यावर एक भिंत मिळाली आणि तिथेच बराच वेळ गेला. सगळ्यात खाली भरतीच्या रेषेपर्यंत हिरवं बुळबुळीत शेवाळ, त्यावर इस्त्रिया द्वीपकल्पातल्या पांढऱ्या दगडाचे थर, त्यावर वीट आणि प्लॅस्टर. हा दगड एकदम घट्ट, त्यातून पाणी फारसं वर चढत नाही, म्हणून जुन्या गवंड्यांनी तो पायाला घातला. पण आता पाणी दगडाच्याही वर जातं (४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात तर ते १९४ सेंटीमीटरवर गेलं होतं), मग खारं पाणी विटेत शिरतं, विटेतून वर चढतं, पाणी उडून जातं आणि मीठ आतच राहतं. त्या मिठाचे स्फटिक फुगत फुगत प्लॅस्टरला आतून ढकलून पाडतात. त्यामुळे प्लॅस्टर खालून गेलेलं, वर शाबूत, आणि मधली सीमा वाकडीतिकडी पण साधारण आडवी. आपल्या सीनमध्ये मात्र पापुद्रे अख्ख्या भिंतीवर सारखे पसरलेले असतात, कारण नॉइजला (डाग पाडायला वापरतात त्या गणिती, अनियमित नमुन्याला) जमीन कुठल्या बाजूला आहे तेच माहीत नसतं. हा नॉइज मांडणाऱ्या केन पर्लिनच्या १९८५ च्या पेपरपासून आपण नॉइजवर जगतोय, माझी तक्रार नाही, पण डाग कुठे पडणार हे त्याला विचारून कसं चालेल?

अजून जवळ गेलो तर त्याहून भारी प्रकार. विटा खाल्ल्या गेलेल्या, बोट आत जाईल इतक्या, आणि मधला सांधा मात्र जसाच्या तसा बाहेर उभा, अगदी मधाच्या पोळ्यासारखा. कधीतरी कडक सिमेंटने सांधे भरले असणार, मग ओल आणि मीठ मऊ विटेतून बाहेर पडतं आणि भुगा विटेचाच होतो. आपला हाइट मॅप (पृष्ठभाग कुठे वर, कुठे खाली ते सांगणारं चित्र) नेहमी वीट वर, सांधा खाली. इथे सगळं उलटं.

खिडक्यांच्या कठड्यांवर दुसरा धडा. पाऊस थेट लागतो तिथे दगड धुऊन पांढरा, कठड्याच्या पोटाखाली पाऊस पोचत नाही तिथे काळाकुट्ट. हवेतल्या सल्फर डायऑक्साइडने चुनखडीचं जिप्सम होतं आणि त्यात काजळी अडकून बसते. म्हणजे कोपरा दिसला की एओ मास्कने (अँबियंट ऑक्लूजन, जागा किती झाकलेली आहे ते मोजणारा) काळं केलं, हे अर्धंच बरोबर. ज्या कोपऱ्यातून पाणी वाहतं तो स्वच्छ असतो! एओ सगळ्या दिशांना किरण सोडतो, आपल्याला फक्त वरून, पाऊस येतो त्या बाजूने सोडायला हवेत. गंजाचंही तेच, भिंतीतल्या लोखंडी पट्टीपासून ओघळ सुरू होतो, खाली फिकट होत जातो, मध्ये कंगोरा आला की वळतो. डॉर्सी, पेडरसन आणि हॅनरहन यांनी १९९६ च्या सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्स परिषदेत हेच दाखवलं होतं, पृष्ठभागावर पाण्याचे कण सोडायचे, ते मळ उचलतात, वाहून नेतात आणि पुढे टाकतात. आज हुडिनी या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हे बसल्या बसल्या करता येतं तरी बहुतेक जण ओघळाचा स्टॅम्प मारून मोकळे होतात.

एक सकाळ पावसात गेली. त्याच भिंतीचे ओले आणि नंतर कोरडे असे दोन्ही फोटो घेतले, कलर चार्ट आणि पोलरायझर (चकाकी काढणारा फिल्टर) लावून. ओली वीट नुसती चकाकत नाही, चांगली गडद होते, म्हणून नुसता रफनेस (खडबडीतपणा, तो कमी तितकी चकाकी जास्त) कमी करून ओलेपणा आणला की भिंतीवर प्लॅस्टिक चढवल्यासारखं दिसतं, बेस कलरही खाली आणायलाच लागतो.

दुपारी का' रेझ्झोनिको संग्रहालयात चित्रकार कानालेत्तोची दोन चित्रं बघितली. अठराव्या शतकातला हा माणूस कॅमेरा ऑब्स्क्युरा (छोट्या छिद्रातून समोरचं दृश्य आत पाडणारी पेटी) वापरायचा असं म्हणतात आणि भिंतीवरची शेवाळाची रेषा इतकी नेमकी काढायचा की संशोधकांनी त्याच्या चित्रांतली रेषा आजच्या रेषेशी ताडून पाणी किती वर आलं ते काढलंय, अर्ध्या मीटरपेक्षा जास्त. असा टेक्स्चर आर्टिस्ट टीममध्ये पाहिजे!

परत आल्यावर आधी तीच पोळ्यासारखी भिंत बनवली, वीट आत, सांधा बाहेर, खाली मिठाचा पांढरा पट्टा, कठड्याखाली काळं. लीडने रेंडर बघितला आणि पहिला मेसेज आला, "नॉर्मल मॅपचा ग्रीन चॅनल उलटा आहे, फिक्स कर." नॉर्मल मॅप पृष्ठभागाचे उंचवटे दाखवतो, त्याचा ग्रीन चॅनल उलटला की उंचवटे खड्डे वाटतात; लीडला तीच चूक वाटली होती. मी फक्त फोटो पाठवला.