एक ठिपका म्हणजे एक गुंठा

नवी खोदाई उपग्रहाच्या फुकट चित्रांतून घरबसल्या शोधता आणि मोजता येते. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. बेळगाव जिल्ह्यातली खानापूरकडची चिरेखाण असो की हुक्केरीकडची मुरमाची खोदाई, ठिपके मोजले की गुंठे हातात येतात. ४० ठिपक्यांचा एकर. ही चित्रं मिळतात त्या कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर खातं फुकट उघडतं आणि दर पाच दिवसांनी नवं चित्र येतं.

सगळ्यात जास्त फसवतो तो ऊस. आज हिरवागार दिसणारा फड तोड झाली की आठवड्यात उघडा पडतो आणि चित्रात तो अगदी ताज्या खोदाईसारखा दिसतो. सोयाबीन काढलेलं रान, नांगरलेलं तंबाखूचं शेत, सगळ्यांची तीच गत. म्हणून दोन तारखांची दोन चित्रं शेजारी ठेवून कुणावर बोट ठेवू नका. शेत वर्षातून एकदा तरी हिरवं होतं, चालू खाण होत नाही. हाच फरक पकडायचा.

त्यासाठी सप्टेंबर ते फेब्रुवारीतली मिळतील तेवढी चित्रं घ्या. प्रत्येकाचा हिरवाईचा निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय, काढा: बँड ८ (डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश) वजा बँड ४ (लाल प्रकाश), भागिले दोघांची बेरीज. मग क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमधल्या ‘सेल स्टॅटिस्टिक्स’ने प्रत्येक ठिपक्याची कमाल किंमत घ्या. ढगाखाली किंमत घसरते, त्यामुळे कमाल घेताना बहुतेक ढग आपोआप गळतात. असंच दुसऱ्या वर्षाचं करून वजाबाकी करा. आधी ०.५ च्या वर असलेली जागा पुढच्या अख्ख्या हंगामात ०.२ च्या वर गेलीच नाही, तर तिथे नक्की काहीतरी झालंय. जांभ्याचा मूळचाच उघडा सडा दोन्ही वर्षी उघडाच, तो वजाबाकीत निघून जातो. चारपेक्षा कमी ठिपक्यांचे पुंजके त्याच सॉफ्टवेअरमधल्या ‘सिव्ह’ (चाळणी) या साधनाने काढून टाका, चित्र ठिपकाभर सरकलं तरी बांधाकडेला खोटा बदल दिसतो.

एक चूक मात्र अख्खं काम बिघडवते. फाईलच्या नावात एन०४०० (N0400) किंवा त्यापुढचा आकडा असेल, तर प्रत्येक किमतीत १००० मिळवलेले असतात. २५ जानेवारी २०२२ नंतरच्या फायली अशाच आहेत. ते वजा केले नाहीत, तर बँड ८ च्या ३००० आणि बँड ४ च्या १००० चा खरा निर्देशांक ०.५ असताना ०.३३ येतो, आणि तालुकाभर हिरवाई घटल्याचा भास होतो.

उरलेली प्रत्येक जागा गूगल अर्थच्या जुन्या चित्रांवर तपासा. चौकोनी, नीट बांधाचं असेल तर बहुधा शेततळं. नवं घर, प्लॉटिंग, वीटभट्टीसाठी उचललेली माती हेही यातच येतं. सर्व्हे नंबर कर्नाटक सरकारच्या ‘दिशांक’ ॲपवर बघा. पण परवाना आहे की नाही हे चित्र सांगत नाही. ते कागदावरच बघावं लागतं, आणि त्याआधी कुणाला चोर ठरवणं अन्यायाचं आहे.

खोलीही चित्रातून कळत नाही. ती पावसाआधी, खड्ड्यात पाणी भरण्यापूर्वी, टेपने तीन-चार ठिकाणी मोजायची. एक गुंठा दहा फूट खणला की १०,८९० घनफूट, म्हणजे १०० घनफुटांचा एक ब्रास धरून जवळपास १०९ ब्रास माल गेला. ट्रक मोजून आलेला आकडा याहून मोठा निघेल, कारण खणलेला मुरूम फुगतो.