ऊन रंगवायचं तर आधी सावली

१८७६च्या जुलैत फ्रेंच चित्रकार सेझानने दक्षिण फ्रान्समधल्या लेस्ताक या समुद्रकाठच्या गावाहून आपला चित्रकार मित्र पिसारोला पत्र लिहिलं. तिथलं ऊन इतकं प्रखर की वस्तूंच्या नुसत्या आकृत्या दिसतात, आणि त्या काळ्या-पांढऱ्याच नव्हे तर निळ्या, तांबड्या, तपकिरी, जांभळ्याही असतात, असं त्याने नोंदवलं. भूमध्य समुद्राकाठचा प्रकाश समजून घ्यायला याहून नेमकी नोंद क्वचितच मिळेल.

ऊन म्हटलं की हात पांढऱ्या ट्यूबकडे जातो आणि तिथेच चित्र बिघडतं. पांढऱ्याने छटा उजळते खरी, पण शीत आणि फिकी होते. भिंत खडूसारखी दिसते. ती भिंत उन्हात आहे हे शेजारची सावली सांगते. म्हणून सावली आधी लावायची. तैलरंगात दोन भाग अल्ट्रामरीन (गडद निळा), एक भाग अलिझरिन क्रिमसन (गडद किरमिजी) आणि थोडा पांढरा. काळा अजिबात नको, सावली मरते. आता छज्ज्याखालची सावली निरखून बघा: तापलेल्या जमिनीवरून उसळलेला उजेड तिथे पोचतो, म्हणून ती जांभळट न राहता मधाळ होते. तेवढ्याच जागी सावलीचा रंग ओला असतानाच ब्रशच्या टोकाने यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळायचा. एवढ्याशा बदलाने हवा तापलेली वाटू लागते.

ऑलिव्हची झाडं नुसत्या विरिडियनने (निळसर हिरव्या रंगाने) रंगवली तर प्लास्टिकची वाटतात. पान वरून राखाडी-हिरवं, खालून चंदेरी असतं. अल्ट्रामरीन, ऑकर आणि पांढरा पुरतो. १८८४ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावरच्या बोर्दिगेराला फ्रेंच चित्रकार मोनेलाही ताडामाडांनी जेरीस आणलं होतं. इथे हिऱ्यामाणकांची पॅलेट हवी, असं त्याने लिहिलंय.

समुद्राला कोबाल्ट ब्लू, किनाऱ्याजवळ किंचित विरिडियन. समोर केशरी कौलं आली की विरोधी रंगामुळे निळा आपोआप पेटतो, तो आणखी गडद करू नये. मातीस आणि देरँ या फ्रेंच चित्रकारांनी १९०५ च्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समधल्या कोलिऊरला फटकाऱ्यांमधला कॅनव्हास कोराच सोडला. तो कोरा पांढरा लावलेल्या पांढऱ्यापेक्षा जास्त उजळतो.

कॅनव्हास आणि पॅलेट दोन्ही सावलीत ठेवा. उन्हात डोळ्यातली बाहुली आकसते, रंग जास्त उजळ भासतात, म्हणून आपण ते गडद लावत जातो. घरात आणल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं. एका बैठकीला दीड-दोन तास पुरे, पुढे सावल्या सरकतात. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये मिस्ट्राल हा जोरदार वारा सुटला तर ईझलच्या (चित्राच्या घोडीच्या) मधोमध दगडांची पिशवी टांगा, नाहीतर कॅनव्हास शिडासारखा उडतो.