लग्नपत्रिकांच्या छापखान्यातून प्रेमाच्या कादंबऱ्या: आमची वाटचाल

लातुरात छापखाना चालवायचा म्हणजे पंचांग बघून चालवावा लागतो. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे झुंबड उडते. पौषात जरा दम खायचा, मग माघापासून ज्येष्ठापर्यंत पुन्हा रात्री जागवायच्या. आषाढी एकादशी झाली, चातुर्मास लागला, की मशीनवर कापड टाकायचं. आडत्यांच्या हिशोबपट्ट्या, पावती पुस्तकं, शिकवणीवाल्यांच्या नोट्स यांवर पोरांचे पगार निघतात, पण नुसते पगारच. गेली काही वर्षं या रिकाम्या महिन्यांत आम्ही कादंबऱ्या छापतो, आणि त्याही प्रेमाच्या. पाहुण्यारावळ्यांत अजून हसतात. हसू द्या.

छापखाना वडिलांनी टाकला. 16 ऑगस्ट 1982 ला उस्मानाबादमधून फुटून लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांना फॉर्म आणि रजिस्टरं लागली. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्यालगतच्या बोळात एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या केशी (खणांच्या पेट्या) आणि ती अक्षरं जुळवणारा एक कंपोझिटर एवढ्यावर काम सुरू झालं. पुढं ऑफसेट आलं, डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळणी आली, खिळे किलोवर भंगारात गेले. ही कहाणी गावोगावच्या छापखान्यांची आहे, तीत आमचं वेगळं असं काही नाही.

वेगळं घडलं ते 2020 साली. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली आणि पन्नास माणसांसाठी पत्रिका कोण छापतंय? व्हॉट्सअॅपवर एक चित्र पाठवलं की आमंत्रण पोचलं. त्या वर्षी आमच्या गोदामात पत्रिकांचा कोरा माल तसाच पडून राहिला. मशीनला काहीतरी काम पाहिजे होतं. तेव्हा आठवण झाली ती ब्लाउज शिवणाऱ्या ताईंची.

ताईंचं नाव इथं देत नाही, त्यांनाच आवडत नाही. बार्शी रोडकडच्या एका वस्तीत त्यांचं घर, पुढच्या खोलीत दोन मशिनी, आरी वर्कची म्हणजे ब्लाउजवरच्या भरतकामाची चौकट आणि भिंतीला मापाच्या वह्या. त्या पुतणीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आल्या होत्या. आमच्याकडची पत्रिका म्हणजे नावांचं जंगल असतं. निमंत्रक, स्वागतोत्सुक, प्रेषक, मामाकडचे, आत्याकडचे, गावचे सरपंच, तंटामुक्तीचे अध्यक्ष. एक जरी नाव खाली गेलं तरी लग्नात रुसवा ठरलेला. ताईंनी सगळी नावं तपासली आणि मग नमुन्यांचा अल्बम घेऊन बाकावर बसल्या. तासभर दुसऱ्यांच्याच पत्रिका वाचत होत्या. बायकोनं विचारलं, ‘‘ताई, डिझाइन बदलायचंय का?’’ तर म्हणल्या, ‘‘नाही वहिनी, कोण कोणाला मिळालं ते बघते.’’

त्या प्रतिलिपीवर लिहितात हे तेव्हा कळलं. प्रतिलिपी हे 2014 साली बेंगळुरूत सुरू झालेलं ॲप. मराठीत तिथं रोज कथा येतात आणि त्यांत प्रेमाच्या मालिका ढिगानं असतात. मी स्वतः वाचणारा माणूस नव्हे. बायकोनं ताईंची मालिका रात्रीतून वाचून काढली आणि सकाळी मला चहा द्यायची विसरली, पुस्तक छापायला एवढा पुरावा मला पुरला.

ती मालिका 2016 च्या दुष्काळातली. बाहेरच्यांना तेव्हाची पाण्याची रेल्वे आठवते: 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन गाडी लातुरात आली. त्याच्या आधी मार्चमध्ये काय झालं होतं ते लातूरकरांच्याच ध्यानात आहे. पाण्याच्या टाक्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी तिथं कलम 144 लावलं होतं. पाण्यापाशी पाचाहून जास्त माणसं जमायची नाहीत. ताईंनी ते बरोबर उचललं. त्यांचा नायक टँकरचा ड्रायव्हर आणि नायिका घरची पाळी धरून रात्री रांगेत येणारी नर्सिंगची पोरगी. गर्दीला बंदी असल्यामुळंच दोघांना बोलायला मोकळीक मिळते. पाण्याच्या त्रासातून कुणाला असं काही सुचेल हे माझ्या बापजन्मात मनात आलं नसतं. आम्हीही त्याच रांगांत उभे होतो की!

त्यांची लिहायची पद्धत मी जवळून पाहिली आहे आणि इतक्या वर्षांत तीच माझ्या मनात भरली आहे. प्रेमकथा म्हणजे बसल्या बसल्या सुचलेलं गोडगोड, असं मला आधी वाटायचं. ताई मापाच्या जुन्या वहीत लिहितात. डाव्या पानावर नायिका, उजव्या पानावर नायक. वय, शिक्षण, पगार किती, कर्ज कुणाचं आणि किती, फोन कुठला, रिचार्ज कोण मारतं, आईशी कधी बोलतो, चप्पल कसली. मग खाली दोन ओळी: ‘काय पाहिजे’ आणि ‘काय सांगत नाही’. मधे एक पान दुमडून ठेवलेलं असतं, त्यावर वर एकच शब्द, ‘अडसर’. हे पान भरेपर्यंत त्या पहिलं वाक्य लिहीत नाहीत. एकदा माझ्या बायकोनं विचारलं, की एवढं सगळं कथेत येतही नाही, मग कशाला? ताई म्हणल्या, ‘‘अस्तर नीट बसलं नाही ना वहिनी, तर वरचं कापड कितीही भारी असू द्या, चुण्या पडतातच.’’

अडसराबाबत त्या फार कडक. गैरसमज झाला, कुणी चिठ्ठी चोरली, कुणाची स्मृती गेली, असले अडसर त्यांना चालत नाहीत. एका फोननं मिटणारं भांडण असेल तर दोनशे पानं कशाला, असा त्यांचा सरळ सवाल. आणि खरे अडसर आपल्याकडे काय कमी आहेत? जात आहे. पाच एकर सोयाबीनवाल्या पोराला पोरगी द्यायची नाही, नोकरीवालाच पाहिजे, हा हट्ट आहे. प्रवेशपरीक्षेसाठी आणखी एक वर्ष घालून ‘रिपीट’ करणारी पोरगी आणि क्लासच्या फीसाठी विकलेला जमिनीचा तुकडा आहे. ॲपवर करोडपती उद्योगपती नायकांची चलती आहे, वाचकही मागतात. ताई म्हणतात, ‘‘तसला माणूस मी लातुरात पाहिला नाही भाऊ, त्याचं माप कसं घेऊ?’’

शेवट मात्र आधीच ठरलेला. दोघं एकत्र येणारच. यावर साहित्यातल्या लोकांचा मोठा आक्षेप असतो, की शेवट माहीत असेल तर वाचायचं काय? मला विचाराल तर कीर्तनालाही लोक गोष्ट माहीत असूनच बसतात. शेवट माहीत असताना माणसाला पानाला पान धरून ठेवणं हे जास्त अवघड काम आहे.

लिहिण्याची वेळ पहाटेची, गिऱ्हाईक यायच्या आधी. फोनवर अंगठ्यानं टाइप करतात. एक भाग साधारण हजार शब्दांचा, संध्याकाळी टाकायचा. भाग लहान झाला तर वाचक रागावतात, उशीर झाला तर तब्येत विचारतात. एका परिचारिका वाचक बाईंनी रात्रपाळीच्या वेळा चुकल्याचं कळवलं, तर ताईंनी चार भाग मागं जाऊन दुरुस्ती केली. पण ‘याला मारा’, ‘तिला दुसरा द्या’ असल्या सूचनांना हात जोडून नमस्कार. लग्नसराईत त्यांचं लिहिणं बंद असतं, तेव्हा हातात पंचवीस-तीस ब्लाउज पडलेले असतात. पण कान उघडे असतात. माप देताना बाई दोन्ही हात वर करून उभी राहते आणि का कोण जाणे, मनातलं बोलून जाते. ताई कुणाचं गुपित जसंच्या तसं कधी लिहीत नाहीत. तालुका बदलतात, नातं बदलतात, कधी बाईचा पुरुष करतात.

दुसरी कादंबरी आमच्या दुकानातच जन्माला आली म्हटलं तरी चालेल. एक जोडपं पत्रिका छापायला आलं आणि म्हणालं, आडनावं नकोत, कुणाच्याच नावापुढं. ना निमंत्रक, ना मामा. दोघांची पहिली नावं आणि तारीख. मजकूर चार ओळींत संपला. आमच्या डीटीपीच्या पोरानं तीनदा विचारलं, ‘‘बाकी मॅटर कुठाय?’’ ताई तेव्हा प्रूफं घेऊन तिथंच बसलेल्या. त्या जोडप्याला त्यांनी एक शब्द विचारला नाही. पुढच्या आठवड्यात त्या विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन बसल्या. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात आधी नोटीस द्यावी लागते, ती फलकावर लागते, 30 दिवस आक्षेपाला मुभा असते आणि मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. त्या फलकाला कुलूप असतं का, नोटिशीवर पत्ता किती मोठ्या अक्षरात दिसतो, ती वाचायला कोण कोण थांबतं, हे सगळं त्यांनी वहीत उतरवलं. कादंबरी त्या 30 दिवसांचीच आहे. रोज एक दिवस कमी होतो आणि रोज फलकासमोर कुणीतरी ओळखीचं येऊन उभं राहतं. माझ्या मते ही त्यांची सगळ्यात पक्की कादंबरी. खपाच्या बाबतीत मात्र टँकरवाली अजून पुढं आहे.

मालिकेचं पुस्तक करणं हा वेगळाच उद्योग. साठेक भागांची मालिका तशीच छापली तर वाचवत नाही, कारण प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मागची आठवण करून दिलेली असते आणि शेवटी धक्का दिलेला असतो. पुस्तकात इतके धक्के बसले तर वाचक बाजूला ठेवतो. ताई आणि बायको मिळून ते काढतात. बायको पेन्सिलीनं ‘खोटं वाटतं’ असं समासात लिहिते, ताई वाद घालतात, मी चहा सांगतो. दुसरी डोकेदुखी फाँटची. ताईंचा मजकूर फोनवरचा म्हणजे युनिकोड, आमची जुनी बसवणूक श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटातली. एकातून दुसऱ्यात नेलं की ‘दुसऱ्या’, ‘बिचाऱ्या’ यांतला अर्धा र हमखास पळून जातो. प्रेमाच्या कादंबरीत ‘बिचाऱ्या’ फार येतो हो. शेवटी आम्हीच युनिकोडवर गेलो.

पहिलं पुस्तक डेमी आकारात 13 फॉर्म्यांचं, सोळा पानांचा एक फॉर्मा, म्हणजे 208 पानांचं झालं. आयएसबीएन सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो, पुस्तकावर जीएसटी नाही. तिथवर सगळं सोपं. पुढं विक्री. मोठ्या शहरातल्या एका वितरकाला माल दिला. निम्मी किंमत त्याची, पैसे विकल्यावर. दोन वर्षांनी गठ्ठे परत आले, कोपरे दुमडलेले, हिशोबाचा कागद नाही आणि विकलेल्या प्रतींचे पैसे आजतागायत नाहीत. त्यापेक्षा आमची गावोगावची ग्रंथालयं बरी. 1967 च्या कायद्यानं महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळतं. ‘ड’ वर्गाचं एका खोलीतलं वाचनालय असलं तरी अनुदानाचा हप्ता पडला की दोन प्रती घेतं. पैसे उशिरा येतात, पण येतात. राहिलेली विक्री व्हॉट्सअॅप आणि पोस्ट.

एप्रिल 2022 मध्ये उदगीरला 95 वं अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, तिथं आम्ही गाळा घेतला. ऊन असं, की पुस्तकांचा गोंद सुटतो की काय अशी भीती. एक प्राध्यापक पुस्तक चाळून म्हणाले, ‘‘छपाई चांगली आहे.’’ बाकी काही म्हणाले नाहीत. प्रेमाचं लिहिणं हलकं, असं मराठवाड्यात तरी कुणी म्हणू नये. पैठणच्या सातवाहनांच्या हाल राजाच्या नावावर असलेली गाथासप्तशती म्हणजे गोदाकाठच्या बायाबापड्यांच्या प्रेमाच्या सातशे गाथा. ती पूज्य आणि आमच्या ताई टाइमपास, हे मला पटत नाही. प्राध्यापक गेले आणि कॉलेजच्या तीन पोरी आल्या. एकीनं मागचं पान उघडलं, बंद केलं आणि विचारलं, ‘‘काका, शेवट चांगलाय ना?’’ चांगला आहे म्हटल्यावर तिघींनी वर्गणी काढून एक प्रत घेतली. कुणी आधी वाचायची यावरून भांडत गेल्या.

आता पत्रिकांचं काम पुन्हा बरं चाललं आहे, पण पूर्वीइतकं नाही. पाचशेच्या जागी लोक शंभर छापतात, तीही देवापुढं ठेवायला आणि मानाच्या घरी द्यायला. म्हणून कादंबऱ्या आता नुसता चातुर्मासाचा विरंगुळा राहिल्या नाहीत. पाचशे प्रती आधी काढायच्या, मागणी आली तर पुन्हा छापायच्या, हे आम्हाला परवडतं कारण मशीन घरचं आहे. ताईंना दहा टक्के मानधन दिवाळीच्या आधी चेकनं. तो चेक त्या लगेच भरत नाहीत, आधी गिऱ्हाइकांना दाखवतात.

यंदा, 2026 ला, अधिक ज्येष्ठ आला आहे. 17 मे ते 15 जून लग्नं नाहीत, म्हणजे मशीन दरवर्षीपेक्षा लवकर मोकळं होणार. ताईंना तसं कळवलं, तर त्यांचं ‘अडसर’चं पान अजून भरलेलं नाही. नायिका आरी वर्क करणारी आहे, नायक छापखान्यात डीटीपी करतो. आमच्या डीटीपीच्या पोराला संशय आहे आणि तो हल्ली रोज इस्त्रीचा शर्ट घालून येतो.