‘शोना’ नसलेले शोना शिल्पकार

हरारेतल्या मालवाहतूक कंपनीत कागदपत्रं करायचं माझं ते तिसरं वर्ष. टेंगेनेंगे या शिल्पकारांच्या वस्तीहून चौदा दगडी शिल्पं आली होती. ट्रकने मोझांबिकच्या बैरा बंदरात, तिथून जहाजाने रॉटरडॅमला जायची होती. जुन्या बिलावरून मी 6802 हा सीमाशुल्काचा कोड टाकला. घडवलेल्या दगडाचा, म्हणजे थडग्याची पाटीही त्यातच येते. मूळ शिल्पाचा कोड 9703. चूक माझी मलाच दिसली, ती सुधारली आणि वर्णनात लिहिलं, ‘शोना शिल्पं, नग 14’. झिम्बाब्वेतल्या शोना लोकांवरून पडलेलं हे नाव.

मालासोबत एक म्हातारे शिल्पकार आले होते. सगळे त्यांना सेकुरू, म्हणजे आजोबा म्हणत. मी वर्णन वाचून दाखवलं तर म्हणाले, “मी शोना नाही.”

त्यांचे वडील मलावीहून तंबाखूच्या मळ्यावर मजुरीला आलेले. मळा टॉम ब्लोमफील्डचा, तेच टेंगेनेंगे. 1965 नंतर ऱ्होडेशियावर, म्हणजे तेव्हाच्या झिम्बाब्वेवर, निर्बंध आले, तंबाखू पडून राहू लागला. जमिनीत सर्पेंटाइन दगड मुबलक होता. 1966 पासून मजुरांनी छिन्नी धरली. त्यांत मलावीचे होते, अंगोलाचे, मोझांबिकचेही. पण 1971 साली पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात जे प्रदर्शन भरलं, त्याच्या नावातच ‘शोना’ होतं. जगाला तोच शब्द पाठ झाला.

मला इथे सगळे गुजरातीच समजतात. दुकानात कुणी ‘केम छो’ म्हटलं की मी ‘मजामा’ म्हणून सुटतो. सेकुरूंना तसं सुटायचं नव्हतं. “माझं नाव लिही. बाकीच्यांचीही लिही.”

एका ओळीच्या चौदा ओळी झाल्या. पेट्यांची झाकणं ठोकून झाली होती, ती पुन्हा उचकटली. पॅकिंगवाल्याने माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहीत नाही. बहुतेक शिल्पांच्या तळाशी नाव कोरलेलं होतं. एका घुबडावर मात्र काहीच नव्हतं. मेणाने काळंभोर चकाकणारं तोंड, पाठ मुद्दाम खडबडीत ठेवलेली. सेकुरूंनी त्या पाठीवरून अंगठा फिरवला, छिन्नीचे घाव चाचपले आणि एक नाव सांगितलं. तो माणूस वारला होता.

नावात एक ‘एल’ की दोन, यावर ते बराच वेळ अडले. शेवटी दोन लिहिले. ट्रक त्या दिवशी सुटलाच नाही.