कोपरखैरण्यातल्या नव्या घराचं नेटवर्क : प्लास्टरआधीची नोंद

तिन्ही स्लॅब पडलेत, सिपोरेक्सच्या (हलक्या सच्छिद्र ब्लॉकांच्या) आतल्या भिंती उभ्या राहिल्यात आणि पुढच्या आठवड्यात प्लास्टर सुरू होतंय. म्हणजे नेटवर्कच्या केबलींचे पाइप टाकायचे ते आत्ताच. जुन्या सिडको रो-हाउसच्या जागेवर तळमजला अधिक दोन असं हे बांधकाम. रुंदी कमी, लांबी जास्त, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत ज्यांनी अशी घरं नव्यानं बांधायला काढलीत त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मोजमाप. साइटवरच्या तात्पुरत्या मीटरवरून राहत्या घरचा राउटर तळमजल्याच्या हॉलमध्ये चालू केला आणि फोनवर सिग्नल बघत घरभर फिरलो. आकडे डीबीएममध्ये, शून्याच्या जितके जवळ तितका सिग्नल जोरात. ५ गिगाहर्ट्झवर त्याच खोलीत उणे ४५, सिपोरेक्सच्या भिंतीपलीकडे उणे ५१-५२, बरोबर वरच्या बेडरूममध्ये उणे ७०, आणि दुसऱ्या मजल्यावर लिंक टिकतच नाही. व्हिडिओ कॉल बिनघोर चालायला उणे ६७ किंवा त्याहून बरा आकडा लागतो. भिंत फारसं खात नाही, खातो तो सळयांनी भरलेला स्लॅब. वीस डीबी गेले की सिग्नलची शक्ती शंभरावर एक उरते, इथं तर पंचवीस गेले. २.४ गिगाहर्ट्झ दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचतं खरं, पण इथं एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि तिन्हींवर आजूबाजूच्या घरांची दाटी आहे.

त्यामुळे बिनतारी मेश, म्हणजे केबलशिवाय एकमेकांना सिग्नल पुढे देणारे वायफायचे डबे, मी यादीतूनच काढलं. मेशचे दोन डबे एकमेकांशी बोलणार तेही त्याच स्लॅबमधून, मग अडचण सुटली कुठे? प्रत्येक मजल्याला आपला ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेट वायफायनं पसरवणारा डबा) आणि प्रत्येकाला खालून स्वतंत्र केबल, हे पक्कं केलं. स्लॅब भरायच्या वेळीच जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये प्रत्येक मजल्याला एक जादा फॅन बॉक्स टाकून घेतला होता. त्यामुळे ॲक्सेस पॉइंट छताच्या मध्यावर बसेल आणि पुढची-मागची दोन्ही खोली त्याला सारखीच जवळ पडेल. राउटर कधीही बदलता येतो. भिंतीतला पाइप मात्र एकदाच पडतो, म्हणून माझा सगळा जीव सध्या पाइपांत आहे.

वायरमन काका म्हणाले, "साहेब, लाइटच्याच पाइपातून सोडतो की. जागा आहे भरपूर." त्यांना म्हटलं, "काका, २३० व्होल्टच्या वायरीशेजारी डेटाची केबल नको. सुरक्षेसाठीही नको आणि सिग्नलमधल्या गोंगाटापायीही नको." मग वेगळी झिरी मारायचं ठरलं, लाइटच्या पाइपापासून फूटभर लांब. जिथं ओलांडावंच लागतं तिथं काटकोनात. दुसरी चर्चा एल्बोवर, म्हणजे पाइपाच्या काटकोनी वळणाच्या तुकड्यावर झाली. कॅट ६ या डेटा केबलची जाडी साधारण ६ मिलिमीटर, आणि तिला जाडीच्या चौपटीहून कमी त्रिज्येत वळवायचं नसतं. काकांनी स्वतःच वायर ओढायची स्प्रिंग घालून बघितली. एल्बोच्या कोपऱ्यात ती अडून बसली, लाँग बेंडमधून सरळ वरच्या बॉक्सात निघाली. तिथून पुढे त्यांनी डेटाच्या पाइपाला एकही एल्बो लावला नाही. पाइप २५ मिलिमीटरचे, त्यातून चार केबली आरामात जातात.

केबल कॅट ६च. घरातली सगळ्यात लांब ओढ पंचवीस मीटरच्या आत आहे, आणि कॅट ६वर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत चालतं, मग ६एची जाडजूड केबल कशाला? पैसे घालायचे ते शुद्ध तांब्यावर. लॅमिंग्टन रोडला ३०५ मीटरचं खोकं घेताना तार ब्लेडनं खरवडून बघा. आतून चांदीसारखी चमकली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रोध जास्त, पीओईवर (डेटाच्याच केबलमधून वीज पुरवताना) ते तापतं आणि व्होल्टेजही उतरतं. खोकं हाताला हलकं लागलं तरी शंका घ्यावी.

पीओईचा मला सगळ्यात आवडणारा फायदा म्हणजे जिन्याखालच्या कपाटात नेटवर्क स्विच आणि ओएनटीला (फायबर जिथं येऊन संपतं त्या डब्याला) एकच यूपीएस दिला की महावितरणची लाइट गेली तरी तिन्ही मजल्यांवर नेट चालू. पीओईच्या साध्या ८०२.३एएफ मानकाच्या पोर्टला १५.४ वॉट मिळतात, त्यापुढच्या ८०२.३एटीला ३०. मोठे ॲक्सेस पॉइंट घेणार असाल तर एटीच घ्या.

चॅनेल कागदावर मांडून ठेवलेत. तळाला ३६, पहिल्याला १४९, दुसऱ्याला पुन्हा ३६, कारण मध्ये दोन स्लॅब असल्यावर वरच्या-खालच्याची गाठ पडत नाही. मधले डीएफएसचे, म्हणजे रडारसोबत वाटून घ्यायचे चॅनेल टाळतोय. रडार ऐकू आलं की ॲक्सेस पॉइंटला ते चॅनेल सोडावंच लागतं, आणि मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड रडार २०२२ पासून चालू आहे. ही रडारं साधारण ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वायफायचे १२० ते १२८. प्रक्षेपणाची शक्तीही मध्यमच ठेवणार. कुठल्या ॲक्सेस पॉइंटला चिकटायचं हे फोन ठरवतो, आणि खालचा फार जोरात ओरडत असेल तर वर गेलेला फोन त्याला सोडत नाही.

फायबरसाठी दर्शनी भिंतीपासून जिन्याखालपर्यंत वेगळा पाइप आहे, म्हणजे कनेक्शनवाल्याला नवीन रंगात ड्रिल मारावं लागणार नाही. गच्चीवर पुढे कॅमेरा आणि बाहेरचा ॲक्सेस पॉइंट येईल, पण तिथून तांब्याची केबल खाली आणायची नाही. जूनच्या पहिल्या वळवाला कडकडाट झाला की तो झटका थेट स्विचमध्ये उतरायचा. तिथं फायबर ओढणार, वरची वीज वरच्याच बोर्डावरून. पाइपाचं गच्चीवरचं तोंड उलटं वळवून घेतलंय, पावसासाठी.

आता प्लास्टरवाले यायच्या आत प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी सोडायची, बॉक्सांत थर्माकोल ठासायचा आणि भिंतीला टेप लावून एकेका झिरीचे फोटो काढायचे. केबल पुट्टी झाल्यावरच ओढेन.