स्टार वॉर्स : आधीचे तीन, नंतरचे तीन

रविवार, रात्री उशिरा

स्टार वॉर्सचे मूळ चित्रपट म्हणजे भाग ४ ते ६. त्यांच्या आधीची कथा सांगणारे प्रीक्वेल (१ ते ३) बरे की नंतरची सांगणारे सीक्वेल (७ ते ९), हा वाद बहुतेक वेळा एकेका दृश्याची तुलना करून घातला जातो. त्या हिशेबाने सीक्वेल सहज जिंकतात. 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मध्ये (२००२) पुढे खलनायक व्हेडर होणारा अ‍ॅनाकिन वाळू किती खरखरीत आणि त्रासदायक असते ते सांगत पद्मेशी (नाबू ग्रहाची पूर्वीची राणी अमिडाला) लगट करतो. त्याचा बचाव कोण करणार? पण प्रीक्वेलच्या चुका दृश्याच्या आत आहेत आणि सीक्वेलच्या चुका दोन चित्रपटांच्या सांध्यात. आतली चूक त्या दृश्यापुरती टोचते. सांधा निसटला, की आधी जमलेलंही खिळखिळं होतं.

पुढे सम्राट होणाऱ्या पॅल्पटीनचा धागा पाहा. १९९९ मध्ये तो नाबूचा सिनेटर. राणी अमिडालाला पढवून प्रजासत्ताकाचा प्रमुख, चान्सलर व्हॅलोरम याच्यावर अविश्वास ठराव आणवतो आणि रिकाम्या खुर्चीत स्वतः बसतो. २००२ मध्ये फुटीर ग्रहांचा बागुलबुवा दाखवून विशेषाधिकार मिळवतो. तो प्रस्ताव मांडतो कोण, तर जार जार बिंक्स! पहिल्या भागात ज्याच्यावर प्रेक्षक वैतागले, त्याच्याच हातून लोकशाहीला सुरुंग. २००५ मध्ये त्याच सभागृहात टाळ्यांच्या गजरात साम्राज्य जाहीर होतं. शेवट सगळ्यांना आधीपासून ठाऊक, म्हणजे प्रीक्वेलकडे 'पुढे काय' हा प्रश्नच नाही. 'हे झालं कसं' एवढंच भांडवल. दिग्दर्शक जॉर्ज लुकसने राजकारणात ते नीट वापरलं, प्रेमकथेत उधळलं.

जुन्या चित्रपटांशी मात्र त्यालाही सगळं जुळवता आलं नाही. १९८३ च्या भागात लेयाला आई, म्हणजे पद्मे, अंधुक आठवते: सुंदर, मायाळू, पण उदास. २००५ मध्ये पद्मे जुळ्यांची, ल्यूक आणि लेयाची, नावं कशीबशी उच्चारते आणि प्राण सोडते. आठवणार काय, कपाळ?

सीक्वेलमध्ये हेच पावलोपावली. सातव्या भागाच्या शेवटी (२०१५) नवी नायिका रे ल्यूकसमोर लाइटसेबर (प्रकाशाची तलवार) धरते. आठव्यात (२०१७) ल्यूक तो खांद्यावरून मागे भिरकावतो. नवव्यात (२०१९) त्याच ल्यूकचा आत्मा तो हवेत झेलून शस्त्राचा मान राखायला सांगतो. खलनायक कायलो रेन आठव्यात शिरस्त्राण फोडतो, नवव्यात लाल सांध्यांनी जोडून घेतो. रेचे आईबाप आठव्यात कुणीच नसतात, पोरीला दारूच्या पैशांसाठी विकणारे. नवव्यात ती थेट पॅल्पटीनची नात निघते. आठवा रायन जॉन्सनचा, सातवा आणि नववा जे. जे. अब्राम्सचा. नववा आधी कॉलिन ट्रेव्हॉरोकडे होता, तो २०१७ मध्ये बाहेर पडला. पुढच्या दिग्दर्शकाने आधीच्याची वीण उसवायची, हीच रीत.

पॅल्पटीनला परत आणणं तर सर्वांत महाग पडलं. तो परतल्याची बातमी सुरुवातीच्या सरकत्या मजकुरातच उरकली आहे, आणि १९८३ मध्ये व्हेडरने जीव देऊन त्याला संपवलं, त्यातली हवाच गेली.

एका गोष्टीसाठी अब्राम्सला माफ करावं. लेया साकारणाऱ्या कॅरी फिशर डिसेंबर २०१६ मध्ये गेल्या. नवव्यातली लेया सातव्यासाठी चित्रित होऊन न वापरलेल्या तुकड्यांतून उभी केली आहे. तिची वाक्यं आधीच ठरलेली, समोरच्यांचे संवाद त्याभोवती लिहायचे. म्हणून ती विचारलेल्या प्रश्नाच्या जरा बाजूने उत्तर देते.

चित्राच्या दर्जात सीक्वेल पुढे, यात शंका नाही. सातवा भाग फिल्मवर चित्रित झाला. २००२ चा भाग १०८० रेषांच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर. ४के (त्याच्या दुप्पट रेषांच्या) आवृत्तीतही मूळ तपशील वाढत नाही.

नव्या माणसाला दाखवायचं तर ४, ५, २, ३, ६ हा चाहत्यांचा क्रम चांगला आहे. पाचव्याचा धक्का (व्हेडर हाच ल्यूकचा बाप) शाबूत राहतो, मग दुसरा-तिसरा आठवणीसारखे येतात. फक्त पहिला गाळण्याचा सल्ला पटत नाही. अविश्वास ठराव तिथेच आहे. सीक्वेलचा क्रम बदलून काही साधत नाही. सातवा-आठवा सलग पाहावेत, नववा दुसऱ्या दिवशी.