खाडीच्या चिखलात बोटीचा नांगर धरायला लागला, त्याचा अनुभव

बोट घेतली तेव्हा सगळं डोकं इंजिन, लाईफ जॅकेट आणि कागदपत्रांत गेलं, नांगर काय बोटीसोबत फुकटच आला होता. घडीचा ग्रॅपनेल, चार पाती छत्रीसारखी उघडतात तो. बोट आमची 16 फुटी फायबरची, मागे छोटं आउटबोर्ड (बाहेरून लावायचं इंजिन), तीन मित्रांत मिळून घेतलेली आणि उद्योग एवढाच की रविवारी बेलापूर-नेरूळच्या बाजूला खाडीत गरी टाकून बसायचं. (ऐरोली पूल ते वाशी पूल हा पट्टा 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिकडे आम्ही जात नाही.)

तर ग्रॅपनेलचं काय होतं की तो खडकात अडकायला मस्त, पण आपल्या खाडीत तळाला खडक आहे कुठे, नुसता गाळ. पाती बारीक, चिखल कापत सरळ निघून येतात आणि अर्ध्या तासाने मान वर करून बघावं तर बोट हळूहळू पुलाकडे निघालेली.

मुंबईत दारूखाना म्हणून भाग आहे, तिथे बोटीचं सामान विकणाऱ्या एका दुकानात विचारलं तर म्हणे मोठा घ्या, 12 किलोचा. प्रत्येक वेळी 12 किलो हाताने कोण ओढणार? शेवटी दिवाळे कोळीवाड्यातल्या एका काकांना विचारलं, ते जाळं शिवत होते, वर न बघताच म्हणाले, "वजनाचा काय नाय रं पोरा, दोरी सोर."

आणि खरंच तसंच आहे. नांगर वजनाने धरत नाही, पातं गाळात घुसतं म्हणून धरतो, आणि पातं घुसायचं तर ओढ आडवी पाहिजे. दोरी कमी सोडली की ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगर उपटून येतो. म्हणून आम्ही डॅनफोर्थ घेतला, दोन रुंद चपट्या पात्यांचा, वजन साडेचार किलो, वाळू आणि चिखल दोन्हीला चालतो. त्याला 8 एमएमची पाच मीटर गॅल्वनाइज्ड साखळी, म्हणजे नांगराचा दांडा तळाशी आडवा राहतो, आणि पुढे 10 एमएम नायलॉन दोरी 50 मीटर. पॉलीप्रॉपिलीनची घेऊ नका, स्वस्त मिळते पण ती पाण्यावर तरंगते आणि पंख्यात जाते. नायलॉन बुडते आणि ताणली जाते त्यामुळे झटके कमी बसतात. शॅकलची (नांगर आणि साखळी जोडणारी कडी) पिन तारेने बांधून टाका, नाहीतर फिरून फिरून सुटते.

आता दोरी किती, तर हिशोब भरतीचा करायचा, टाकता त्या वेळच्या पाण्याचा नाही. समजा ओहोटीला दोन मीटर पाणी आहे, बोटीचं नाक पाण्यापासून अर्धा मीटर वर, झाले अडीच, दोरी त्याच्या पाचपट सोडायची, म्हणजे साडेबारा मीटर. पण मोठ्या उधाणाला इथे पाणी चार मीटर चढतं, मग होतात साडेसहा आणि दोरी लागते 32 मीटरच्या वर. वारा असेल तर सातपट. काका भरतीसाठी मोबाईल बघत नाहीत, तिथीची पाऊणपट करतात, अष्टमी म्हणजे सहाला भरती, आणि खाडीत जेवढं आत जाल तेवढी थोडी उशिरा. मी दोन्ही बघतो.

टाकताना बोटीचं तोंड पाण्याच्या ओढीकडे, म्हणजे प्रवाह येतो तिकडे करायचं, थांबायचं, आणि बोट मागे सरकायला लागली की नांगर हाताने खाली सोडायचा, भिरकवायचा नाही. तळाला लागला की दोरी हळूहळू सोडत जायची, सगळी सुटली की पुढच्या क्लीटला (दोरी बांधायचा खुंटा) बांधून रिव्हर्समध्ये हलकेच ताण द्यायचा. मग दोरीवर तळहात ठेवा. दोरी थरथरत असेल, मधूनच हिसका देत असेल तर नांगर घसरतोय, घट्ट आणि शांत असेल तर धरलाय. आणि किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून ठेवायच्या, आमचा जेट्टीचा खांब आणि त्याच्यामागचा टॉवर, रेष फुटली की समजायचं. नांगर मागून मात्र कधीच बांधू नका, ओढ जोरात आली की मागून पाणी आत येतं. जाळ्यांच्या खुंटांपासूनही लांब राहायचं, तिथे पोटापाण्याचा प्रश्न असतो.

भरती-ओहोटी बदलून पाण्याची ओढ फिरली की बोट पूर्ण फिरते आणि नांगर उपटून दुसऱ्या बाजूने परत रुतावा लागतो. इथे आपल्या खाडीची खास अडचण, पात्यावर कॅरीबॅग नाहीतर चिंधी गुंडाळलेली असली की तो रुततच नाही. त्यामुळे ओढ फिरताना गळ बाजूला ठेवून रेष बघायची, आणि शंका आली तर सरळ वर काढून साफ करून परत टाकायचा.

काढताना जोर लावत बसायचं नाही. बोट नांगराच्या डोक्यावर नेऊन दोरी उभी झाली की क्लीटला एक वेढा द्यायचा, पाण्यासोबत बोट वरखाली होते तसा तो आपोआप सुटतो. वर येतो तो किलोभर काळा वास मारणारा चिखल घेऊन, त्यामुळे बादली आणि ब्रश बोटीत हवाच. ग्रॅपनेल मी अजून ठेवलाय, खडकाळ जागी जेवायला थांबलो तर तोच टाकतो.